वल्लरीची पहिली वर्षं

विद्याधर चुरी स्वतःच्या वाडीत हरवला तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं आणि घर हाकेच्या अंतरावर होतं.

पद्मजाने त्याला शोधून काढलं. चिकूच्या दोन रांगांच्या मधे, टोकाला जाळी लावलेली काठी हातात धरून तो उभा होता. पायाशी तोडलेले चिकू पडले होते. ही झाडं त्याच्या आजोबांनी लावलेली. कुठल्या झाडाचं फळ आधी गोड होतं, कुठल्या झाडाला मुंग्या लागतात, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगायचा.

"काय झालं?"

"काही नाही." तो हसला, पण ओठ कोरडे पडले होते. "पद्मा, घर कुठल्या बाजूला?"

तिला आधी थट्टाच वाटली. मग त्याचा चेहरा बघून तिने त्याचा हात धरला आणि त्याला अंगणात आणून सोडलं.

कोसेवाडीत हादरे सुरू झाले त्याला तेव्हा चार वर्षं होऊन गेली होती. डहाणूच्या पूर्वेला, समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या पट्ट्यात, जमीन मनात येईल तेव्हा थरथरायची. मोठा भूकंप एकदाही झाला नाही. भांडी वाजायची, भिंतीला चीर जायची, गुरं दावं ओढायची आणि संपायचं. कधी दिवसातून अनेकदा, कधी आठवडाभर काहीच नाही. ते शांत आठवडे जास्त वाईट जायचे. भूगर्भवाले येऊन सांगून गेले की ही बारक्या धक्क्यांची मालिका आहे, उद्या थांबेल किंवा दहा वर्षं चालेल. लोक अंगणात तंबू ठोकून झोपू लागले. विद्याधर आणि पद्मजाची मुलगी वल्लरी अशाच दिवसांत जन्मली आणि छताखाली झोपायचं असतं हे ठाऊक नसतानाच मोठी होत गेली.

विद्याधरचं विसरणं तसं हळूहळू आलं होतं. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं, मग बँकेचा रस्ता. गावातल्या इतर पुरुषांचंही थोडंफार तेच चाललं होतं. बायका मात्र सगळं लक्षात ठेवून होत्या. पद्मजा तर जरा जास्तच. कुठल्या धक्क्याला कोण कुठे बसलं होतं, कुणाच्या ताटात काय होतं, इतकं तिला आठवायचं. झोप मात्र तिची पार उडाली होती. रस्त्यावरून ट्रक गेला तरी ती उभी राहायची. भिंतीला पाठ टेकल्याशिवाय तिला बसवत नसे, आणि नवऱ्यावर ती विनाकारण खेकसायची. पण ती स्वतःला आजारी समजत नव्हती. घरात एक माणूस विसरायला लागल्यावर दुसऱ्याने जागं राहायचं असतं, एवढंच तिला कळत होतं.

त्या हिवाळ्यात आरोग्य केंद्रासमोर एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली. गाडीत नवं यंत्र होतं. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या पेशींच्या फांद्या किती दाट आहेत, हे ते कवटीला हात न लावता मोजायचं. मुंबईहून आलेल्या डॉक्टर केतकी भिसे यांनी विद्याधरला यंत्राखाली झोपवलं आणि नंतर पडद्यावरचं चित्र दोघांना दाखवलं.

"हा हिपोकॅम्पस. नवी आठवण आधी इथे येते, रस्ते इथे ओळखले जातात. धक्का बसला की शरीर कॉर्टिसॉल सोडतं. तेवढ्यापुरतं ते चांगलंच, माणूस पळू शकतो. पण तुमच्याकडे धक्का संपतच नाही. पुढचा कधी येईल ते माहीत नाही, म्हणून शरीर तयारीतच बसून राहतं. वर्षानुवर्षं. त्यात या पेशींच्या टोकाच्या फांद्या आकसतात."

"पाणी तोडलेल्या झाडासारख्या," विद्याधर म्हणाला.

"बरोबर. पण झाड मेलेलं नाहीये. आमच्याकडे फुटवा आणणारं औषध आहे."

औषधाचं नाव होतं पालवीन. डॉक्टरांनी पद्मजाचाही मेंदू तपासला. तिचा हिपोकॅम्पस जवळजवळ धडधाकट होता. पण झोप नाही, चिडचिड आहे, छातीत धडधड आहे, म्हणजे ताणाचाच त्रास, असं म्हणून त्यांनी तिलाही त्याच गोळ्या दिल्या. ताण एकच, जमीन एकच, औषधही एकच.

पावसाळ्यापर्यंत विद्याधर सुधारला. एका सकाळी त्याने वाडीत एकट्याने चक्कर मारली आणि परत येऊन पद्मजाला म्हणाला, "विहिरीकडच्या तिसऱ्या झाडाला फळमाशी लागलीय." तिसऱ्या! पद्मजा चुलीपाशी उभी राहून रडली. तो पाणी पिऊन पुन्हा वाडीत गेला. त्याला आता कुणी सोबत लागत नव्हतं.

ती मात्र बिघडत गेली. पूर्वी ट्रक गेला की दचकायची, आता मिक्सर लावला तरी अंगाला घाम फुटायचा. गोळ्या हळूहळू लागू पडतील, असं म्हणून ती नेमाने घेत राहिली. एका दुपारी रस्त्यावरून खडीचा डंपर गेला. ओट्यावर खेळणाऱ्या वल्लरीला तिने झडप घालून उचललं आणि ओट्यावरून खाली उडी टाकली. जमीन हललीच नव्हती. वल्लरीचं मनगट मोडलं.

प्लास्टर घातलेल्या पोरीला मांडीवर घेऊन ती डॉक्टर भिसेंसमोर बसली. या वेळी डॉक्टरांनी यंत्र कपाळामागच्या भागावर फिरवलं आणि बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"पद्मजाताई, तुमच्याकडे मी चुकीच्या जागी बघत होते," त्या म्हणाल्या. "कपाळामागे काही पेशी आहेत, त्यांचे धागे अमिग्डलाकडे जातात. अमिग्डला म्हणजे मेंदूतली धोक्याची घंटा. दीर्घ ताणात त्या पेशींच्या फांद्या तुमच्यात आकसल्या नाहीत, वाढल्या. बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन ताणाबरोबर मिळून तिथे वेगळंच काम करतं. हिपोकॅम्पस बराचसा सांभाळतं, आणि हा घंटेकडे जाणारा रस्ता रुंद करतं. सगळ्या पुरुषांत असंच आणि सगळ्या बायकांत तसंच होतं असं नाही, पण कल तसा दिसतो. पालवीन तयार झालं ते नर उंदरांवर, आणि मग बहुतेक पुरुषांवर."

"म्हणजे त्याचं वाळलं होतं," पद्मजा म्हणाली, "आणि माझं माजलं होतं. आणि तुम्ही दोघांना खत घातलंत."

डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र बंद केलं.

"आता?"

"गोळ्या आजपासून बंद. वाढलेल्या फांद्या आपोआप लवकर मागे येत नाहीत. बायकांसाठी दुसरं औषध तयार होतंय, पण वेळ लागेल. तोवर तुम्ही न हलणाऱ्या जमिनीवर राहायला हवं."

पद्मजाची मोठी बहीण कुंदाताई श्रीरामपूरला राहायची. वल्लरीला घेऊन पद्मजा तिकडे गेली. विद्याधरने वाडी सोडून जायचं म्हटलं, तर तिनेच अडवलं. फळ तोडणीवर आलं होतं आणि घर त्यावरच चालायचं. स्टेशनवर वल्लरीने खिडकीतून प्लास्टरचा हात हलवला. विद्याधर गाडीबरोबर थोडं चालला आणि थांबला.

काही दिवसांनी शेजारचे जनार्दनकाका बोलता बोलता म्हणाले, "तुझ्या वल्लरीने पहिलं पाऊल माझ्या ओट्यावर टाकलं. काय नाचला होतास रे तू! लुंगी सुटायची बाकी होती."

विद्याधर हसला. घरी येऊन त्याने ते पाऊल आठवून बघितलं. काहीच आलं नाही. ओटा दिसत होता, काका दिसत होते, पाऊल नव्हतं. मग त्याने तिचं पहिलं बोलणं आठवून बघितलं, बारसं आठवून बघितलं, पहिला घास. सगळीकडे तसंच. आजोबांचा आवाज त्याला आता स्पष्ट आठवत होता, शाळेतल्या बाकावरची अक्षरं आठवत होती. पोरीची चार वर्षं नव्हती.

त्याने डॉक्टरांना फोन लावला. "आता मी बरा झालोय ना? मग ते परत कधी येईल?"

"येणार नाही, विद्याधरजी," त्या हळूच म्हणाल्या. "ठेवलेली वस्तू हरवली तर सापडते. त्या वेळी तुमच्या मेंदूने ती ठेवूनच घेतली नव्हती."

त्या संध्याकाळी त्याने पद्मजाला फोनवर विचारलं, "वल्लरी पहिल्यांदा चालली तेव्हा मी खरंच नाचलो होतो?"

पलीकडे ती हसली. कितीतरी दिवसांनी. आणि तिने सांगितलं. पोरीच्या अंगात पिवळं झबलं होतं, डाव्या पायात वाळा नव्हता कारण तो सकाळीच दगडांत पडला होता, ती काकांच्या काठीकडे बघून निघाली आणि विद्याधर ओरडला म्हणून घाबरून बसली. विद्याधर डोळे मिटून ऐकत होता. ती बोलत होती तोवर ते दिसत होतं. फोन ठेवल्यावरही राहिलं. आपला मेंदू आता नवं साठवतो, हे त्याच्या लक्षात आलं.

मग ते रोजचंच झालं. दिवेलागणीला तो ओट्यावर येऊन बसायचा आणि म्हणायचा, "सांग." ती सांगायची. दिवसभर तोडणी करताना तो आदल्या दिवशीचं मनात घोळवायचा. एखाद्या तान्ह्या पोराला कडेवर घेऊन कुणी बाई रस्त्याने चालली असली, तर काम थांबवून बघत राहायचा. तिच्या कडेवर होतं तसंच वजन आपल्या हातांनीही कधीतरी पेललं असणार, आणि हातांना ते माहीत नाही, हे त्याला सहन होत नसे. पद्मजाची आठवण त्याला यायचीच. पण त्यापेक्षाही ज्या संसारात तो हजर असूनही नव्हता, त्या संसाराची ओढ त्याला जास्त छळायची.

एकदा तिने तापाची रात्र सांगितली. "आठ महिन्यांची होती. अंगात ताप, आणि त्या रात्री हादरे थांबेनात. तंबूत रडून गोंधळ घातला तिने. तू तिला खांद्यावर घेतलंस आणि झाडांच्या रांगांमधून फिरायला लागलास. तुला अंगाईबिंगाई काही येत नव्हती. तू पाढे म्हणत होतास. गाऊन! बेचा, तीनचा, चारचा. नवाच्या पाढ्यात तू चुकायचास, परत पहिल्यापासून सुरू करायचास. आणि ती रडायची थांबून तुझ्या तोंडाकडे बघायची. मी मागून चालत होते. मग विहिरीपाशी आलो आपण, आणि..." तिचा आवाज चिरकला. "आता पुरे, विदू. उद्या सांगते."

पण दुसऱ्या दिवशी डॉक्टर भिसेंचा विद्याधरला फोन आला. दुसरं औषध तयार होतं. बायकांवर आधी नीट तपासलेलं, वाढलेल्या फांद्या मागे आणणारं. मात्र त्या दिवसांच्या आठवणींची धारही त्याने जाईल, असं त्या म्हणाल्या. विद्याधर फळांचं काम गड्यांवर सोपवून श्रीरामपूरला निघाला.

वल्लरी त्याच्या गळ्यात पडली. पद्मजा वाळली होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. ती वल्लरीला घेऊन आत गेल्यावर कुंदाताई चहाचा कप घेऊन व्हरांड्यात आल्या.

"एक बोलू का, विद्याधर? राग मानू नका."

"बोला ना, ताई."

"इथे आली तेव्हा महिन्याभरात ती झोपायला लागली होती. आता तुमचा फोन झाला की सकाळपर्यंत जागी असते. बसून राहते. मी विचारलं तर म्हणते, त्याला सांगू नकोस, त्याला तेवढंच मिळतं."

चहा त्याच्या हातात निवला.

संध्याकाळी दोघं पाटाच्या कडेने चालत गेले. पाणी भरून वाहत होतं. पद्मजा त्याच्या आधी बोलली.

"डॉक्टरांना मी विचारलं. आठवणी पुसल्या जात नाहीत, पण इतरांच्या असतात तशा होतात. पुसट. कडा झिजलेल्या. पिवळं झबलं राहील की नाही ते सांगता येत नाही म्हणाल्या. म्हणून मी ठरवलंय, तू इथे आठवडाभर राहा. सगळं सांगते, एकही गोष्ट सोडत नाही. मग औषध घेते."

हेच मागायला तो आला होता. गाडीत सबंध रस्ताभर त्याने याचीच वाक्यं जुळवली होती.

"नको," तो म्हणाला.

"तुला नकोय?"

"हवंय गं. किती हवंय ते सांगता येणार नाही. पण तू सांगतेस तेव्हा तू तिथे जातेस. मी ऐकतो आणि शांत झोपतो, आणि तू रात्रभर त्या तंबूत बसून राहतेस. ताईंनी सांगितलं मला."

पद्मजा पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "तुझ्यासाठीच सांगत होते असं नाही रे. त्या दिवसांत तू माझा हात सोडायचा नाहीस. रस्ता चुकायची भीती म्हणून असेल, पण सोडायचा नाहीस. बाजारात, वाडीत, सगळीकडे. बरा झालास आणि एकटा फिरायला लागलास. चांगलंच झालं. मी देवाला नारळ फोडला. पण तो माणूस मला कुठे भेटणार आता? तो तिथेच आहे. भीतीबरोबर."

आपल्या आजारपणाची कुणाला आठवण येत असेल, हे विद्याधरच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्याने तिचा हात धरायला हात पुढे केला आणि मधेच थांबला. आता धरला असता तर ते धरणं त्या दिवसांतलं नसतं, तिलाही ते कळलं असतं. ती किंचित हसली आणि तिनेच त्याच्या दंडाला हात लावला.

"चल. वल्लरी वाट बघत असेल."

तो परत गेला. फोन चालू राहिले, पण तो आता पावसापाण्याचं, चिकूच्या भावाचं, जनार्दनकाकांच्या गुडघ्याचं बोलायचा. "सांग" हा शब्द ओठांवर यायचा आणि तो गिळायचा. औषध घे, असंही तो म्हणाला नाही.

निर्णय पद्मजानेच घेतला, आणि तो वल्लरीमुळे. एका दुपारी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तर पोरगी भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर जात होता. वल्लरी मान तिरकी करून त्याचा आवाज ऐकत होती, अगदी आईसारखी. आवाज विरल्यावर तिने श्वास सोडला आणि पुन्हा खेळायला लागली.

पद्मजाने त्याच दिवशी डॉक्टरांना होकार कळवला.

औषधाने घाई केली नाही. आधी झोप आली. मग भूक. मग एके दिवशी ती दाराकडे पाठ करून बसून निवांत शेंगा सोलते आहे, हे कुंदाताईंनी पाहिलं आणि त्या हलक्या पावलांनी आत निघून गेल्या. पुढच्या मोसमात, चिकूला नवा बहर धरलेला असताना, पद्मजा आणि वल्लरी कोसेवाडीला परत आल्या. हादरे थांबले नव्हते, कमी झाले होते.

पहिल्याच आठवड्यात एक धक्का आला. संध्याकाळ होती, तिघं ओट्यावर बसली होती. आत मांडणीवरची ताटं किणकिणली. विद्याधरने पद्मजाकडे पाहिलं. तिची सुरी थांबली. ती थोडा वेळ तशीच बसली, मग म्हणाली, "बारका होता," आणि हातातला चिकू सोलून तिने वल्लरीला दिला. विद्याधरने तोंड फिरवून डोळे पुसले.

"पप्पा," वल्लरी खाता खाता म्हणाली, "मी बाळ होते तेव्हा पण जमीन हलायची?"

"हलायची की."

"मी रडायचे?"

"आईला विचार."

पद्मजा विचार करू लागली. "रडायचीस. एकदा खूप ताप आला होता तुला, ते आठवतं. तंबूत होतो आपण. पप्पा तुला घेऊन फिरत होते वाटतं..." ती थांबली. कपाळाला आठी पडली. "नीट नाही आठवत गं."

मग विद्याधरने सांगायला सुरुवात केली. आठ महिन्यांची वल्लरी, न थांबणारे हादरे, खांद्यावरचं तापलेलं अंग. झाडांच्या रांगा. गाऊन म्हटलेले पाढे, नवाच्या पाढ्यातली चूक, रडं थांबवून तोंडाकडे बघणारी पोर. पद्मजाने जे शब्द वापरले होते तेच तो वापरत होता. वल्लरी खिदळत होती. आणि पद्मजा सुरी खाली ठेवून, हनुवटी तळहातावर टेकून ऐकत होती, जणू ही गोष्ट ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"आई मागून चालत होती," तो म्हणाला. "मग आम्ही विहिरीपाशी आलो."

"आणि मग?" पद्मजाने विचारलं.

विद्याधर तिच्याकडे वळला. "मग... तू तेवढंच सांगितलं होतंस."

त्या रात्री विहिरीपाशी काय झालं, हे आता कुणाकडेच नव्हतं. वाडीत पाखरांचा कलकलाट चालला होता. पद्मजाचे डोळे भरून आले, त्याचेही. पण ती दचकली नाही, उठली नाही.

वल्लरीने चिकूची काळी बी तोंडातून काढून तळहातावर ठेवली आणि निरखून पाहिली.

"मग मी झोपले असेन," ती म्हणाली.

"हो," पद्मजा म्हणाली. "झोपली असशील."